रिबेरो, ज्यूलिओ फ्रान्सिस

(५ मे १९२९ – ). भारतीय पोलीस सेवेतील एक विख्यात अधिकारी, राजदूत व पोलीस सुधारणांचे पुरस्कर्ते. मुंबईचे पोलीस आयुक्त (१९८२–८५), केंद्रीय राखीव पोलीस दलाचे महासंचालक, गुजरात व पंजाब या राज्यांचे पोलीस महासंचालक आणि रूमानियातील भारताचे राजदूत (१९८९–९३) ही पदे त्यांनी भूषविली. पोलीस दलातील बंड, जातीय दंगल, आरक्षणविरोधी आंदोलन आणि सशस्त्र दहशतवाद अशा चार भिन्न स्वरूपांच्या अशांततांना त्यांना १९८२ ते १९८८ या अल्प कालावधीत तोंड द्यावे लागले. कायद्याने चालणाऱ्या राज्यात पोलिसांनी बळाचा वापर कोठवर करावा, हा प्रश्न त्यांच्या कारकीर्दीच्या प्रत्येक टप्प्यावर उपस्थित झालेला दिसतो.

त्यांचा जन्म मुंबई येथे एका मूळच्या गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबात झाला. १९५३ मध्ये त्यांची भारतीय पोलीस सेवेत निवड होऊन तत्कालीन मुंबई राज्यात नेमणूक झाली. ही सेवा संविधानाच्या ३१२ व्या अनुच्छेदात निर्दिष्ट केलेल्या अखिल भारतीय सेवांपैकी एक होय. तीमधील अधिकाऱ्यांची भरती केंद्र शासन करते. तथापि ‘पोलीस’ हा विषय राज्यसूचीत असल्याने अधिकारी प्रत्यक्ष काम करतो, तो राज्य शासनाच्या आधिपत्याखाली. या दुहेरी रचनेमुळे अधिकाऱ्याच्या निष्ठेचा विषय नेहमीच नाजूक राहिला आहे. रिबेरो सेवेत आले तेव्हा मुंबई राज्यात गुजरातचा बराचसा भाग व कर्नाटकातील काही जिल्हे समाविष्ट होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा, विदर्भ, सौराष्ट्र व कच्छ हे प्रदेश त्यास जोडले गेले आणि १ मे १९६० रोजी द्विभाषिक राज्याचे विभाजन झाले. विभाजनानंतर रिबेरो महाराष्ट्राच्या संवर्गात राहिले.

मुंबईचे आयुक्तपद : १९८२ च्या आरंभी रिबेरो मुंबईचे पोलीस आयुक्त झाले. त्या वेळी शहराचे वातावरण तंग होते. १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सु. अडीच लाख गिरणी कामगार संपावर होते. संपाच्या बंदोबस्ताचा भार ज्या पोलीस शिपायांवर पडला, त्यांपैकी अनेकजण त्याच वस्तीत, कामगारांच्या शेजारी राहत होते. अपुरे वेतन, अनिश्चित कामाचे तास, निवासाची गैरसोय आणि वरिष्ठांच्या घरची खासगी कामे या त्यांच्या जुन्या तक्रारी होत्या. १९७९ साली देशाच्या अनेक राज्यांत पोलीस कर्मचाऱ्यांची आंदोलने झाली. त्यानंतर महाराष्ट्रातही पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेस मान्यता मिळाली होती. या संघटनेच्या आदेशानुसार १५ ऑगस्ट १९८२ रोजी पोलिसांनी काळ्या फिती लावून निषेध नोंदविला.

बाबासाहेब भोसले यांच्या मंत्रिमंडळाने संघटनेची मान्यता काढून घेतली. १८ ऑगस्टच्या पहाटे निमलष्करी दलांच्या साहाय्याने नायगाव, वरळी इ. ठिकाणच्या पोलीस वसाहती ताब्यात घेऊन संघटनेच्या पुढाऱ्यांना अटक करण्यात आली. परिणामी शहरातील पोलीस शिपाई काम सोडून रस्त्यावर उतरले. त्यांना काही गिरणी कामगार येऊन मिळाले. दुकानांची लूट, जाळपोळ, रेल्वे अडविणे असे प्रकार घडले व लष्करास पाचारण करावे लागले. संचारबंदी जारी झाली आणि नंतर अनेक पोलिसांना सेवेतून बडतर्फ करण्यात आले. रिबेरो यांना आयुक्त होऊन तेव्हा अवघे काही महिने झाले होते. ज्या दलाने कायद्याचे रक्षण करावयाचे, तेच दल कायदा मोडू लागल्यास शिस्त कशी राखावी, हा पेच त्यांच्यापुढे होता. बंड मोडले गेले. परंतु शिपायांच्या मूळ तक्रारींचे निराकरण बडतर्फीने होणारे नव्हते. पुढील काळात दलाचे मनोधैर्य सावरण्याचे काम आयुक्त या नात्याने त्यांच्याकडे आले.

याच कारकीर्दीत मुंबईतील तस्करी, हातभट्टीची दारू व खंडणी यांवर पोसलेल्या टोळ्यांविरुद्ध मोहीम उघडण्यात आली. धारावी–माटुंगा भागात दबदबा असलेल्या वरदराजन मुदलियार याच्या अवैध धंद्यांवर उपायुक्त वाय. सी. पवार यांनी कारवाई केली आणि वरदराजनला मुंबई सोडावी लागली. मे १९८४ मध्ये भिवंडी येथे हिंदू–मुस्लिम दंगल उसळली व तिचे लोण ठाणे आणि मुंबई शहरांत पोहोचले. या दंगलीत अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गुप्त वार्ता वेळीच मिळूनही तीवर वेळीच कृती होत नाही आणि दंगलीच्या काळात पोलिसांवरील अल्पसंख्याकांचा विश्वास डळमळतो, या दोन दोषांची चर्चा या घटनेच्या निमित्ताने पुन्हा झाली.

गुजरात : १९८५ च्या आरंभी गुजरात शासनाने मागासवर्गीयांसाठी असलेल्या राखीव जागांचे प्रमाण १० टक्क्यांवरून २८ टक्क्यांपर्यंत वाढविले. त्याविरुद्ध सुरू झालेल्या आंदोलनास लवकरच जातीय दंगलीचे स्वरूप आले. एप्रिलमध्ये अहमदाबादेत पोलीस शिपायांचाच क्षोभ उफाळून आला. दीर्घकाळ चाललेल्या या अशांततेमुळे जुलै १९८५ मध्ये मुख्यमंत्री माधवसिंह सोळंकी यांना पदत्याग करावा लागला. अशा स्थितीत रिबेरो यांना गुजरातचे पोलीस महासंचालक म्हणून पाठविण्यात आले. सेवेच्या आरंभी ज्या राज्याचा गुजरात हा एक भाग होता, तेथे ते आता परराज्यातील अधिकारी म्हणून गेले होते. बाहेरच्या अधिकाऱ्याचे स्थानिक गटांशी लागेबांधे नसतात, हा अशा नेमणुकीचा लाभ. स्थानिक दलाची व समाजाची आतून ओळख नसते, ही तिची मर्यादा. पंजाबात हा अनुभव अधिक तीव्रतेने आला.

पंजाब : मार्च १९८६ मध्ये रिबेरो यांची पंजाबच्या पोलीस महासंचालकपदी नेमणूक झाली. राजीव गांधी व संत हरचंदसिंग लोंगोवाल यांच्यात जुलै १९८५ मध्ये झालेल्या करारानंतर निवडणुका होऊन सुरजितसिंग बर्नाला यांचे अकाली मंत्रिमंडळ सत्तेवर आले होते. परंतु लोंगोवाल यांची ऑगस्ट १९८५ मध्येच हत्या झाली होती आणि करारातील महत्त्वाची कलमे अमलात आली नव्हती. २९ एप्रिल १९८६ रोजी अमृतसरच्या सुवर्णमंदिरातून स्वतंत्र खलिस्तानची घोषणा करण्यात आली. दहशतवादाची झळ महाराष्ट्रासही पोहोचली. निवृत्त भूसेनाप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांची १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात गोळ्या झाडून हत्या करण्यात आली.

‘गोळीस गोळीने उत्तर’ हे धोरण रिबेरो यांच्या नावाशी कायमचे निगडित झाले. तथापि हे शब्द आपले नसून केंद्रातील तत्कालीन राज्यमंत्री अरुण नेहरू यांचे होते, असे त्यांनी पुढे अनेकदा स्पष्ट केले. दहशतवाद केवळ शस्त्रबळाने संपत नाही. ज्या समाजातून दहशतवादी येतात, तो समाज त्यांच्यापासून दूर गेला म्हणजेच तो संपतो, असे मत त्यांनी आपल्या लेखनातून मांडले आहे. याउलट, मानवी हक्कांच्या क्षेत्रातील संघटनांनी पंजाब पोलिसांवर बनावट चकमकी व बेकायदा स्थानबद्धता यांसंबंधी गंभीर आरोप केले. या आरोपांचा काळ रिबेरो यांच्या कारकीर्दीपुरता मर्यादित नसून १९९० नंतरच्या वर्षांत ते अधिकच वाढले. पोलिसांसह अनेक निरपराध नागरिक त्या काळात बळी पडले, ही वस्तुस्थितीही लक्षात घ्यावी लागते.

३ ऑक्टोबर १९८६ रोजी जालंदर येथील पंजाब सशस्त्र पोलिसांच्या आवारात पोलिसांच्या गणवेशात शिरलेल्या हल्लेखोरांनी रिबेरो यांच्यावर गोळीबार केला. ते व त्यांच्या पत्नी जखमी झाल्या आणि एक रक्षक ठार झाला. पोलिसांच्या स्वतःच्या आवारात, पोलिसांच्याच वेषात झालेल्या या हल्ल्याने सुरक्षाव्यवस्थेतील उणिवा उघड्या पडल्या. मे १९८७ मध्ये बर्नाला मंत्रिमंडळ बरखास्त होऊन राज्यात राष्ट्रपती राजवट लागू झाली. १९८८ मध्ये महासंचालकपद कंवरपालसिंग गिल यांच्याकडे गेले व रिबेरो राज्यपाल सिद्धार्थ शंकर राय यांचे सल्लागार झाले. त्यांना १९८७ मध्ये पद्मभूषण हा किताब देण्यात आला.

राजदूतपद : १९८९ मध्ये रिबेरो रूमानियात भारताचे राजदूत म्हणून गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तेथे क्रांती होऊन निकोलाय चाउशेस्कू यांची राजवट कोसळली. पंजाबातील वैर मात्र त्यांच्यामागोमाग तेथे पोहोचले. ऑगस्ट १९९१ मध्ये बूखारेस्ट येथे शीख दहशतवाद्यांनी त्यांच्यावर हल्ला केला व ते जखमी झाले. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये रूमानियाच्या दिल्लीतील वकिलातीचे अधिकारी लिव्हिउ राडू यांचे अपहरण झाले. पुढे त्यांची सुटका झाली.

निवृत्तीनंतरचे कार्य : भिवंडीत १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत दोन्ही समाजांतील नागरिकांच्या मोहल्ला समित्या स्थापिल्या होत्या. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत भीषण दंगली झाल्या, तेव्हा १९८४ साली होरपळलेली भिवंडी शांत राहिली. हा प्रयोग मुंबईत रुजविण्यासाठी पोलीस आयुक्त सतीश साहनी, समाजकार्यकर्त्या सुशोभा बर्वे व रिबेरो यांनी पुढाकार घेतला. चौकीतील शिपाई आणि वस्तीतील रहिवासी यांची नित्याची ओळख असावी व किरकोळ तंटा वाढण्यापूर्वीच मिटावा, ही या समित्यांची कार्यपद्धती होय.

पोलीस सुधारणांच्या क्षेत्रातही त्यांचे नाव महत्त्वाचे आहे. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ ते १९८१ या काळात आठ अहवाल सादर केले. परंतु त्यांची अंमलबजावणी रखडली. १९९६ मध्ये प्रकाश सिंह या निवृत्त अधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केल्यावर केंद्र शासनाने १९९८ मध्ये रिबेरो यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिने दोन अहवाल दिले. अखेरीस २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने सात निर्देश दिले. राज्य सुरक्षा आयोग, महासंचालकास किमान दोन वर्षांचा निश्चित कार्यकाल, तपास व कायदा-सुव्यवस्था या कामांची फारकत, बदल्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळ आणि तक्रार प्राधिकरण यांचा त्यांत समावेश होतो. बहुतेक राज्यांनी हे निर्देश अपुरेपणी किंवा स्वतःस सोयीचे फेरफार करून स्वीकारले.

आपल्या अनुभवांवर आधारलेले बुलेट फॉर बुलेट हे इंग्रजी आत्मचरित्र त्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. उत्तरायुष्यात वृत्तपत्रांतून त्यांनी सार्वजनिक प्रश्नांवर विपुल लेखन केले. अल्पसंख्याकांच्या असुरक्षिततेसंबंधीचा त्यांचा २०१५ मधील लेख विशेष चर्चिला गेला. बळाचा कठोर वापर करणारा अधिकारी अशी त्यांची प्रतिमा पंजाबात घडली. त्यांच्या पुढील कार्याचा भर मात्र दोन गोष्टींवर राहिला : पोलिसांना राजकीय हस्तक्षेपापासून मुक्त करणे आणि त्याच वेळी त्यांना कायद्यास व जनतेस उत्तरदायी ठेवणे. या दोहोंपैकी एकच साध्य झाली, तर पोलीस एकतर सत्ताधाऱ्यांच्या हातातील साधन बनतात किंवा अनिर्बंध होतात. १९८२ च्या मुंबईपासून १९८८ च्या पंजाबपर्यंतच्या घटनांतून हा बोध होतो आणि रिबेरो यांच्या कारकीर्दीचे महत्त्व त्यातच आहे.