अपंगत्व पेन्शन नाकारली, तरी अपील आहे

आमच्या किन्हीराजा परिसरात सैन्यातून घरी आलेल्या माणसाला सारे गाव ‘फौजी’ म्हणून मान देते. परंतु त्याच्या पेटीतले सरकारी पत्र कोणी वाचत नाही. हे अपंगत्व सैनिकी सेवेमुळे उद्भवलेले नाही व सेवेने बळावलेलेही नाही, सबब पेन्शन नामंजूर, असे त्यात लिहिलेले असते. शिक्का पाहून घरची माणसे गप्प बसतात. हे पत्र म्हणजे शेवट नव्हे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

पेन्शन नियमांप्रमाणे अपंगत्व किमान २० टक्के असावे व त्याचा सेवेशी संबंध असावा. वाद बहुधा या संबंधाचाच असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात स्पष्ट केले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेत जडला असे सामान्यतः मानावे आणि संशयाचा फायदा सैनिकाला द्यावा. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत. म्हणून आपण सेवेतून केव्हा बाहेर पडलो, ती तारीख प्रथम पाहावी.

नामंजुरीचे पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत आपल्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत पहिले अपील करावे. तेही फेटाळले गेल्यास दुसरे अपील करता येते. त्यानंतर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते. उशीर झाला असल्यास योग्य कारण लिहून तो माफ करण्याची विनंती करावी.

अपिलास भरतीची वैद्यकीय नोंद, मेडिकल बोर्डाचा अहवाल, इस्पितळाचे कागद व नेमणुकीची ठिकाणे जोडावीत. बोर्डाचा अहवाल हाती नसेल, तर माहितीच्या अधिकारात मागावा. ‘मी गरीब आहे’ एवढे लिहून भागत नाही. आजार केव्हा, कोठे, कोणत्या कामावर असताना सुरू झाला, हे तारखेसह लिहावे.

वकिलाच्या खर्चाची धास्ती बाळगू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जातींतील व अपंग व्यक्तींना मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुका विधी सेवा समिती व जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी.

निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली महारांची बंद झालेली सैन्यभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज लिहिला. हक्कासाठी लेखणी उचलण्याची ही आपली जुनी रीत आहे. तेव्हा विद्यार्थी मित्रहो, या सुटीत आपल्या शेजारच्या फौजीकाकांची पेटी उघडा, पत्रावरची तारीख वाचा आणि अर्ज लिहावयास बसा.