एकांतऱ्याच्या मागावर तीस वर्षं

आपल्या आज्या ज्याला ‘एकांतरा’ म्हणायच्या, तो ताप तुम्ही ऐकून असाल. एक दिवस हुडहुडी भरायची, अंगावर चार गोधड्या टाकल्या तरी दातावर दात वाजायचे. दुसऱ्या दिवशी बाई उठून भाकरी थापायला बसायची, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हाच मलेरिया, सरकारी भाषेत हिवताप. आपल्या बारामती-इंदापुरात नीरा डाव्या कालव्याचं पाणी आलं, पुढे उजनीचा फुगवटा आला, ऊस आला, सुबत्ता आली. पाणी साचलं तिथं डासही आलाच.

या तापामागे आयुष्य घालवणाऱ्या डॉ. चेतन चिटणीस यांच्याविषयी वाचनात आलं. आडनाव बघूनच मी चष्मा लावून नीट बसले! गंमत म्हणजे त्यांचं शिक्षण डॉक्टरकीचं नाहीच. मुंबईच्या आयआयटीतून भौतिकशास्त्रात एम.एस्सी., मग अमेरिकेत जाऊन बर्कले विद्यापीठातून पीएच.डी. तिथून पुढे गडी वळला तो मलेरियाच्या जंतूकडे. आपल्याकडे पोरानं बारावीनंतर लाइन बदलली तरी घरात आठवडाभर अबोला असतो.

अमेरिकेत ते लुई मिलर या शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करत होते. आपल्या तांबड्या रक्तपेशीवर ‘डफी’ नावाचं एक प्रथिन असतं. व्हायवॅक्स जातीचा मलेरियाचा जंतू त्यालाच धरून पेशीत शिरतो. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेक लोकांच्या रक्तपेशीवर हे डफी नसतं, म्हणून त्यांना हा मलेरिया सहसा होत नाही. मिलर यांनी हे १९७०च्या दशकातच दाखवलं होतं. डफी हे कुलूप धरलं, तर जंतूकडची किल्ली कोणती? तिचा नेमका तुकडा चिटणीस आणि मिलर यांनी १९९४ मध्ये दाखवून दिला. ती किल्लीच निकामी करणारी लस करायची, हा चिटणीसांचा ध्यास.

त्यासाठी ते दिल्लीला परतले आणि आयसीजीईबी या आंतरराष्ट्रीय संस्थेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. २००४ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये इन्फोसिस पुरस्कार. २०१४ पासून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आहेत. लसीची चाचणी ऑक्सफर्डला झाली. तिथं निरोगी स्वयंसेवकांनी आधी लस घेतली आणि मग मुद्दाम मलेरिया टोचून घेतला! २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आला: लस घेतलेल्यांत जंतू वाढण्याचा वेग साधारण निम्म्यावर आला. १९९४ ते २०२३, एकोणतीस वर्षं, आणि हाती निम्मं यश. मला तर हे वाचून त्या माणसाच्या चिकाटीचंच नवल वाटलं.

ही लस अजून बाजारात नाही. पुण्याच्या सीरममध्ये तयार होणारी आर-२१ ही मलेरियाची लस वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये तिची शिफारस केली, पण ती फाल्सिपेरम या दुसऱ्या जातीसाठी, मुख्यतः आफ्रिकेतल्या लेकरांसाठी. आपल्या एकांतऱ्यावर तिचा उपयोग नाही.

आणि हा व्हायवॅक्स लबाड. ताप उतरला तरी त्याचे काही जंतू यकृतात झोपून राहतात, आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उठतात. डास नव्यानं चावावा लागत नाही. म्हणून तीन दिवसांच्या क्लोरोक्विनबरोबर प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस असतात. गरोदर बाईला, तान्ह्या बाळाला त्या देत नाहीत. काहींना रक्त तपासूनच देतात. ते डॉक्टरांनी ठरवायचं.

गेल्या हंगामात आशाताईंबरोबर ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर गेले होते. एका बाईला दोन महिन्यांत दुसऱ्यांदा ताप आलेला. पत्र्याच्या पेटीतून तिनं जुनी पट्टी काढून दाखवली. मोजल्या, तर दहा गोळ्या शिल्लक. “ताप गेला की चौथ्या दिशी, मग कशाला खायच्या? अन् कोयता कुणी धरायचा?” तिचं तरी काय चुकलं? यकृतात कोण झोपलंय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आशाताईंनी तिला पुन्हा दवाखान्यात नेलं. आता कोपीवर जाताना त्या रुग्णाकडून रिकामी पट्टी मागून घेतात.