पुणे शहरातील वाहतूक फलक व्यवस्था

पुणे शहरातील रस्त्यांवर वेगमर्यादा, प्रवेशबंदी, एकेरी वाहतूक, वाहने लावण्यास मनाई इत्यादी दर्शविणारे फलक कोणाच्या आदेशाने लावले जातात, ते कोण उभारते आणि नागरिकांनी त्यांची मागणी कोठे करावयाची, यासंबंधीच्या कार्यपद्धतीस शहराची वाहतूक फलक व्यवस्था म्हणता येईल. ही जबाबदारी मुख्यतः दोन यंत्रणांत विभागलेली आहे. नियम ठरविण्याचे काम पुणे शहर पोलिसांची वाहतूक शाखा करते, तर फलक उभारणे व त्यांची देखभाल करणे हे महानगरपालिकेकडे असते. नागरिकांचे अर्ज या दोन कार्यालयांच्या दरम्यान रेंगाळतात, त्याचे एक कारण ही विभागणीच होय.

कायदेशीर आधार

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ११५ अन्वये राज्य शासनास, किंवा शासनाने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्यास, सार्वजनिक सुरक्षितता व सोय लक्षात घेऊन वाहनांच्या वापरावर निर्बंध घालता येतात. असे निर्बंध लोकांच्या निदर्शनास आणण्यासाठी फलक उभारण्याची तरतूद कलम ११६ मध्ये, तर वाहने उभी करण्याच्या जागांविषयीची तरतूद कलम ११७ मध्ये आहे. पुण्यात हे अधिकार पोलीस उपआयुक्त (वाहतूक) वापरतात. वाहतुकीवरील निर्बंध एक महिन्याहून अधिक काळासाठी नसेल, तर राजपत्रात अधिसूचना काढण्याची आवश्यकता नसते. स्थानिक प्रसिद्धी पुरते. सणासुदीच्या काळातील वाहतूक बदल या सवलतीमुळे शक्य होतात.

निर्बंध सांगणारा फलक हे आदेशाचे दृश्य रूप असते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. खांब आणि पत्रा कोणालाही विकत आणता येईल; त्यामागील आदेश मात्र आणता येत नाही.

फलकांचे आकार, रंग व अर्थ कायद्याच्या अनुसूचीत दिलेले आहेत, आणि मांडणीचे तपशील भारतीय रस्ते महासभेच्या आय.आर.सी. ६७ या संहितेत आढळतात. आदेशात्मक चिन्हे सामान्यतः वर्तुळाकार, तर सावधानतेची त्रिकोणी असतात. ‘थांबा’ हे चिन्ह अष्टकोनी असते, त्यामुळे ते पाठीमागूनही ओळखू येते.

घरमालकांच्या पाट्या

पुणेरी पाट्यांची ख्याती सर्वत्र आहे. फाटकासमोर वाहन लावल्यास चाकांतील हवा सोडण्याची धमकी देणाऱ्या पाटीत विनोद असला, तरी कायदेशीर आदेशाचे बळ नसते. हवा सोडण्याचा अधिकारही तिच्यामुळे मिळत नाही. मात्र एखाद्या आवाराचे प्रवेशद्वार अडवून वाहन उभे करणे हे वाहन चालविण्याच्या नियमांनुसार फलक नसतानाही निषिद्धच आहे. म्हणजे अशा घरमालकाला फलकाची गरज नसून तक्रारीची दखल घेतली जाण्याची गरज असते.

नागरिकांच्या मागण्या

मागणीचा अर्ज वाहतूक शाखेकडे किंवा महानगरपालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाकडे करता येतो. नियम नवा असेल (उदाहरणार्थ, गल्ली एकदिशा करणे), तर अर्ज वाहतूक शाखेकडे करणे सोयीचे. जुना फलक मोडला वा पुसट झाला असेल, तर तो महानगरपालिकेकडे करावा. चुकीच्या दारी दिलेला अर्ज योग्य दारी पोहोचेपर्यंत शाळेचे निम्मे सत्र उलटू शकते. नेमके ठिकाण, जवळची खूण, त्रासाची वेळ आणि रहिवाशांच्या सह्या असलेला अर्ज तपासणे सोपे जाते.

नव्या नियमासाठी जागेची पाहणी होते. त्यानंतर वाहतूक शाखा तात्पुरता आदेश काढून तो वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करते आणि ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागविते. रुग्णवाहिका, अग्निशमन दलाची वाहने इत्यादींना अशा आदेशांतून वगळलेले असते. हरकतींचा विचार झाल्यावर अंतिम आदेश निघतो.

हा टप्पा केवळ औपचारिक नाही. मनाईच्या फलकाने रहिवाशांचा मार्ग मोकळा होतो, पण त्याच रस्त्यावरील दुकानदाराचे गिऱ्हाईक कमी होण्याची भीती असते. एक गल्ली एकदिशा झाली की तिची वाहने शेजारच्या गल्लीत शिरतात, आणि त्या गल्लीतील लोकांनी काही मागितलेलेच नसते. त्यांना बोलण्याची संधी हीच. अरुंद पेठांतील ‘पी-१’ व ‘पी-२’ ही सम-विषम तारखांची पद्धत अशीच एक तडजोड आहे: एके दिवशी रस्त्याच्या एका बाजूस, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूस वाहने लावावयाची.

गतिरोधकाची मागणी फलकाच्या मागणीसोबत वारंवार येते. त्यासाठी आय.आर.सी. ९९ ही स्वतंत्र संहिता असून तीत गतिरोधकाचे आकारमान आणि त्याआधी लावावयाचा सूचनाफलक यांचे निकष आहेत. रात्रीतून घातलेला, रंग नसलेला उंचवटा दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकतो.

एखाद्या फलकामागे आदेश आहे की नाही याविषयी शंका असल्यास माहितीच्या अधिकाराखाली (२००५) आदेशाची प्रत मागता येते.

देखभाल

फलक हेतुपुरस्सर काढणे, बदलणे वा विद्रूप करणे यांस कलम ११६ अन्वये मनाई आहे. वाहनाच्या धडकेने फलकाचे चुकून नुकसान झाल्यास चालकाने ते शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, पोलिसांस कळवावयाचे असते. फलक झाकणारी जाहिरात हटविण्याचा अधिकार शासन पोलीस अधीक्षक वा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यास देऊ शकते. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्सही या तरतुदीच्या कक्षेत येऊ शकतात. झाडाची फांदी फलकावर आली असेल, तर मात्र तिसऱ्या दाराशी जावे लागते: शहरी भागांतील वृक्षांस १९७५ च्या राज्य कायद्याचे संरक्षण असल्याने छाटणीची मागणी महानगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे करावी लागते.