विटांची भट्टी आणि पोलादी पत्रा

रोममधल्या एखाद्या गल्लीतले साधे पिझ्झाघर डोळ्यांपुढे आणा. चार टेबले आणि कोपऱ्यात घुमटाच्या आकाराची, लाकडे जाळून तापविलेली विटांची भट्टी. तीत सरकविलेला पिझ्झा दोन मिनिटांत बाहेर येतो, खालून खरपूस आणि वरून रसरशीत. घरच्या विजेच्या भट्टीत, पोलादी पत्र्यावर तो तसा का होत नाही? वार्लामोव्ह आणि ग्लाट्झ या भौतिकशास्त्रज्ञांनी ग्रासो या मानववंशशास्त्रज्ञाच्या साथीने २०१८ साली या प्रश्नाचे गणित मांडले.

आधी लाकडी फूटपट्टी आणि स्टीलचा डबा यांना एकदम हात लावून पाहा. तापमान दोघांचे एकच, तरी डबा गार लागतो. दोन वस्तू एकमेकींना टेकल्या की स्पर्शाच्या जागी मधलेच एक तापमान ठरते. ते कोणाकडे झुकेल? वस्तूची उष्णतावाहकता, घनता आणि विशिष्ट उष्मा यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ घ्या. ज्याचे वर्गमूळ मोठे, त्याची सरशी!

रोमच्या भट्टीचे तापमान सुमारे ३३० अंश सेल्सिअस असते आणि कणीक २० अंशांची. विटेवर टेकताच कणकेचा तळ सुमारे २१० अंशांवर जातो. भाजायला हे अगदी बेताचे. तितक्याच तापलेल्या पोलादावर मात्र तो ३०० अंशांवर पोचेल, म्हणजे कोळसाच. (आपल्याकडे मांडे लोखंडी तव्यावर न भाजता मातीच्या खापरावर भाजतात, हे येथे आठवावे.)

मग पोलाद २३० अंशांवरच ठेवले तर? तळ वाचतो, पण वरची बाजू मागे पडते. वरून उष्णता येते ती मुख्यतः घुमटाच्या प्रारणातून, आणि प्रारण केवल तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. ६०३ केल्व्हिन आणि ५०३ केल्व्हिन यांचे चौथे घात काढून भागाकार करा. उत्तर दोनाहून थोडे अधिक येईल! म्हणजे वरून निम्मीच उष्णता मिळते. पिझ्झा सुमारे १७० सेकंद ठेवावा लागतो, आणि तेवढ्यात त्यातले पाणी उडून तो कोरडा पडतो.

भाज्या भरपूर घातल्या, तर त्यांतल्या पाण्यामुळे विटांच्या भट्टीतही वरची बाजू मागे राहते. अशा वेळी कारागीर तळ भाजून होताच पिझ्झा लांब दांड्याच्या फावड्यावर उचलून अर्धा मिनिट अधांतरी धरतो. तळाचा विटेशी संबंध तुटतो; घुमटाचे प्रारण चालूच राहते.