मोटार बंद पडली तर आधी काय पाहावे?

घोड, कुकडी आणि मीना या आपल्या नद्या. डिंभे, माणिकडोह आणि वडज ही धरणे त्यांच्यावर आहेत. नदीकाठी आणि विहिरींवर जागोजाग विजेच्या मोटारी आहेत. कांदा, टोमॅटो, ऊस सारे त्या पाण्यावर. ऐन भरण्याच्या वेळी मोटार बंद पडली की जीव खालीवर होतो. घाईत माणूस भलतेच करून बसतो. मग मोटार जळते. कधी कधी माणूसही जातो.

मोटार हा बैल, तर स्टार्टर हा त्याचा कासरा. म्हणून आधी स्टार्टर ओळखून घेऊ.

हिरवे बटण दाबले की पेटीतल्या कॉइलला वीज मिळते. कॉइल लोहचुंबक बनते आणि पट्टी ओढून धरते. तिन्ही तारा जोडल्या जातात. मोटार फिरू लागते. लाइट गेली की चुंबक सुटते आणि मोटार थांबते.

पेटीत दुसरा एक राखणदार असतो. त्याला ओव्हरलोड म्हणतात. त्यात दोन धातूंच्या जोडपट्ट्या असतात. मोटार जादा वीज ओढू लागली की त्या तापून वाकतात आणि वीज तोडतात. यालाच आपण 'स्टार्टर उडाला' म्हणतो.

आता मोटार चालेना, तर क्रमाने पाहा.

१. मोटार बंद असताना पेटीवरचे तिन्ही दिवे पाहा. एक विझलेला किंवा मंद असेल, तर एक फेज गेला आहे. बटण दाबू नका. दोन फेजवर मोटार नुसती घुमते, तापते आणि जळते. डीपीवर स्वतः चढू नका. लाइनमनला कळवा, नाहीतर १९१२ या नंबरावर फोन करा.

२. व्होल्टमीटर पाहा. काटा ४१५ च्या आसपास हवा. दाब फार कमी असेल, तर कॉइल पट्टी धरत नाही, ती खडखडते. मोटारही जादा वीज ओढते. दाब वाढेपर्यंत थांबा.

३. दिवे आणि दाब ठीक आहेत, पण बटण दाबल्यावर 'खट्' आवाज येत नाही? मग ओव्हरलोडचे बटण दाबून पाहा. तरीही आवाज आला नाही, तर फ्यूज, कॉइल किंवा आतली तार गेली असेल. ते काम वायरमनचे.

४. मोटार सुरू होऊन थोड्या वेळाने स्टार्टर उडतो? मग पंपात गाळ अडकला असेल किंवा बेअरिंग खराब झाले असेल.

५. मोटार फिरते, पण पाणी येत नाही? लाइनचे काम झाल्यावर फेज उलटे जोडले गेले, तर मोटार उलटी फिरते. तसे नसेल, तर फुटबॉल गळतो का ते पाहा.

काही जण स्टार्टर उडू नये म्हणून पट्टीत काडी खोचतात. हे राखणदाराचे तोंड बांधण्यासारखे आहे. स्टार्टर उडतो तो मोटार वाचवण्यासाठी. काडी खोचली, तर मोटार भरून आणायचा खर्च अंगावर येतो.

आपल्या भागात बिबट्याचे भय आहे. रात्री उसातून मोटारीवर जायला नको, म्हणून पुष्कळांनी ऑटो बसवला आहे. सोय चांगली आहे. पण लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते. तेव्हा कुणाचा हात पंपात असेल, तर? म्हणून पंपाला किंवा पेटीला हात लावण्याआधी मेन स्विच पाडा. लाइट नसली, तरीही पाडा. एक फेज गेल्यावर मोटार बंद करणारे यंत्रही ऑटोबरोबर हवेच.

ओल्या हाताने, अनवाणी पेटी उघडू नका. पायाखाली कोरडी फळी ठेवा. मोटारीची अर्थिंगची तार तुटलेली नाही ना, हे वरचेवर पाहा.

एक भरणे चुकले, तर उद्या देता येते. गेलेला माणूस परत येत नाही. घरातल्या सर्वांना, पोरांनाही, मेन स्विच कुठे आहे ते आजच दाखवून ठेवा.