अडगळीचें भाडें

वस्तूचे पैसे दुकानांत मोजले म्हणजे तिचा खर्च संपला, असें पुष्कळांस वाटतें. परंतु घरीं आलेली वस्तु जागा अडविते, आणि जागेस मोल पडतें.

माजिवडा हें पूर्वीं ठाणें शहरालगतचें एक गांव होतें. आज येथें घोडबंदर रस्ता नाशिककडे जाणाऱ्या महामार्गास मिळतो, चोहोंकडे उंच इमारती उभ्या आहेत, व जागा महाग झाली आहे. समजा, एका बिऱ्हाडाचें भाडें दरमहा २०,००० रुपये आहे, आणि त्याचा दहावा भाग मोडक्या खुर्च्या, रिकामे डबे यांनीं व्यापला आहे. तर त्या अडगळीपायीं वर्षास २४,००० रुपये जातात! ती काढल्यानें भाडें कमी होणार नाहीं हें खरें. पण अधिक मोठ्या जागेची हांव उरत नाहीं.

शिवाय अडगळींत हरवलेली कात्री पुन्हा विकत आणावी लागते. "अर्ध्या किंमतींत मिळाली" म्हणून घेतलेली निरुपयोगी वस्तु उरलेली अर्धी किंमत व्यर्थ घालविते. ती कर्जाऊ घेतल्यास व्याज निराळेंच. मग मुलांच्या पुस्तकांच्या वेळीं हात आखडतो.

यास्तव वर्षभर न लागलेल्या वस्तू गरजूंस द्याव्या, भंगार विकावें, नव्या खरेदीपूर्वीं आठवडाभर थांबावें. वांचलेला पैसा १८८२ पासून चालू असलेल्या पोस्टाच्या बचत बँकेंत टाकावा.

पांच हजारांस जेवूं घातल्यावर प्रभु येशूनें उरलेले तुकडे गोळा करविले. बारा टोपल्या भरल्या. विपुलतेंतहि नासाडी नको, हा धडा आपण सर्वांनीं गिरवूं या.