‘इम्पिरिकल’ की ‘इम्पिरिअल’?

२०२१ साली ओबीसी आरक्षणाच्या बातम्यांमध्ये ‘इम्पिरिकल डेटा’ हा शब्द सतत कानावर पडत होता. बोलण्याच्या ओघात त्याचं ‘इम्पिरिअल डेटा’ झालं, की अर्थाची पार वाट लागते! ‘इम्पिरिकल’चं मूळ ग्रीक. त्या मुळाचा अर्थ अनुभव. म्हणून इम्पिरिकल डेटा म्हणजे प्रत्यक्ष पाहून, मोजून गोळा केलेली माहिती. सर्वोच्च न्यायालयाला हवी होती ती हीच. साम्राज्याशी तिचा काडीचाही संबंध नाही.

‘इम्पिरिअल’चं घराणं वेगळं, लॅटिन ‘इम्पेरारे’पासूनचं. त्याचा अर्थ हुकूम देणं. तेवढा लक्षात ठेवा, सगळी भावंडं आपोआप ओळखू येतील. रोममध्ये विजयी सेनापतीला ‘इम्पेरातोर’ म्हणत. पुढे तो सम्राटाचाच किताब झाला आणि त्यातून इंग्रजीत ‘एम्परर’ आला. व्याकरणातला ‘इम्पेरेटिव्ह मूड’ म्हणजे आपला आज्ञार्थ: बस, ऊठ, गप्प राहा! एखादी गोष्ट ‘इम्पेरेटिव्ह’ आहे म्हटलं, की ती करायलाच हवी.

आता खरी गंमत. ‘इम्पिरिअल’ म्हणजे साम्राज्याचं किंवा शाही. आजची स्टेट बँक १९५५ पर्यंत ‘इम्पिरिअल बँक ऑफ इंडिया’ होती, ती याच अर्थानं. ‘इम्पिरिअस’ मात्र माणसाच्या वागण्याबद्दल वापरतात: उर्मट, सतत हुकूम सोडणारा. बॉसची स्तुती करायला गेलात आणि ‘इम्पिरिअस’ लिहून बसलात, तर पुढचं तुम्हीच निस्तरा.

स्पर्धा परीक्षेत हमखास गोंधळ होतो तो ‘इम्पिरिअ‍ॅलिझम’ आणि ‘कलोनिअ‍ॅलिझम’ यांचा. पहिला साम्राज्यवाद, दुसरा वसाहतवाद. पहिल्या अफूच्या युद्धानंतर १८४२ साली नानकिंगचा तह झाला. त्यात ब्रिटिशांनी हाँगकाँग घेतलं आणि तिथे स्वतःचं राज्य बसवलं. हा वसाहतवाद. त्याच तहानं चीनला पाच बंदरं परदेशी व्यापारासाठी खुली करायला लावली. तिथे गादी चिनी सम्राटाचीच राहिली, पण अटी ब्रिटिशांच्या चालल्या. हा साम्राज्यवाद. वसाहत करणं हा साम्राज्यवादाचा एक मार्ग झाला, पण दुसऱ्यावर हुकूम चालवायला दर वेळी त्याच्या घरात राहायला जावं लागतंच असं नाही.

तेव्हा उत्तरपत्रिकेत हे दोन शब्द लिहिण्याआधी स्वतःला विचारा: इथे परक्यांचं थेट राज्य होतं, की नुसता दबाव?